पाण्यावर नेण्याचा कॅमेरा : निवडीचा एक आढावा

पाण्यावर नेण्यासाठी कॅमेरा घ्यावयाचा असे ठरवून जो मनुष्य दुकानात जातो, त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हा किती खोल पाण्यात टिकतो? विक्रेता दहा, पंधरा, तीस मीटर असे आकडे सांगतो, आणि आकडा जितका मोठा तितका कॅमेरा पाण्याला अधिक योग्य, असा ग्रह करून घेऊन गिऱ्हाईक व्यवहार पुरा करते. वस्तुतः हा प्रश्न पाणबुड्याचा आहे. जो उजनीच्या जलाशयावर रोहित पक्ष्यांचे थवे पाहावयास निघाला आहे, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाणार आहे, किंवा मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे प्रस्थान ठेवीत आहे, त्याच्या कॅमेऱ्याला खोलीशी जवळजवळ कर्तव्य नसते. त्याचा सामना असतो तो उडणाऱ्या तुषारांशी, त्या तुषारांतील मिठाशी, पाण्याच्या पृष्ठभागावरून डोळ्यांवर उसळणाऱ्या प्रकाशाशी आणि पायाखालच्या हलत्या फळीशी. हे चार प्रतिपक्षी ध्यानात घेतले, म्हणजे खोलीचा आकडा मागे पडतो आणि निवडीचा सगळा क्रमच बदलतो, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे, आणि बाजारात आज मिळणाऱ्या साधनांचा हा आढावा मी त्याच दृष्टीने घेणार आहे.

पाणी आणि कॅमेरा यांचे सख्य जुळविण्याचा प्रयत्न मात्र पाण्याखाली जाणाऱ्यांनीच प्रथम केला, हे नमूद केले पाहिजे. लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर बान्यूल येथे समुद्राच्या पोटात कॅमेरा नेला, तेव्हा तो धातूच्या अवजड पेटीत बंद करावा लागला होता, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कोरड्या कॅमेऱ्याभोवती पेटी बांधणे हाच एक राजमार्ग मानला जात होता. ही रूढी मोडली ती झाक-इव्ह कूस्तो यांच्या प्रेरणेने, बेल्जियन अभियंता झाँ द वूटर्स यांनी आखलेल्या ‘कॅलिप्सो’ या कॅमेऱ्याने, कारण त्यात पेटी आणि कॅमेरा असे द्वैतच उरले नव्हते. कॅमेऱ्याचे अंगच पाण्याला दाद न देणारे होते. १९६३ साली निकॉन कंपनीने ही रचना ‘निकॉनोस’ या नावाने बाजारात आणली, आणि तिचे ३५ मिलिमीटरचे भिंग पाण्यात व हवेत सारखेच चालत असल्यामुळे पाणबुड्यांइतकीच ती चिखलपावसात काम करणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांच्या आणि नौकानयन करणाऱ्यांच्या हाती रुळली. अंतर नजरेने अदमासून भिंगावरील आकड्यावर लावावे लागे, ही तिची मोठी उणीव. पण उघड्या होडीत, लाटेचे पाणी अंगावर घेत, निर्धास्तपणे छायाचित्र घेता येणे म्हणजे काय, हे त्या पिढीला तिनेच प्रथम दाखविले. २००१ साली तिचे उत्पादन थांबले. पुढे २०१३ मध्ये त्याच कंपनीने भिंगे बदलता येणारा आणि पंधरा मीटरपर्यंत टिकणारा अंकीय कॅमेरा काढला, परंतु तो वंश पुढे चालला नाही, आणि ती जागा आजतागायत रिकामी आहे. ज्याला मोठा संवेदक, बदलती भिंगे आणि पाण्यापासून पूर्ण अभय ही तिन्ही एकाच वस्तूत हवीत, त्याला पुन्हा बुताँच्या पेटीकडेच वळावे लागते.

आता संरक्षणाच्या प्रतवारीविषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे, कारण गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. ‘आयपी’ या अक्षरांपुढे जे दोन अंक छापलेले असतात, त्यांतील पहिला धुळीविषयी आणि दुसरा पाण्याविषयी असतो. दुसरा अंक सात असेल, तर वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये, अशी अपेक्षा. आठ असेल, तर त्याहून कठीण अशा, निर्मात्याने स्वतः जाहीर केलेल्या अटींवर ती टिकली पाहिजे. या कसोट्या गोड्या, स्वच्छ, स्थिर पाण्यात आणि नव्या कोऱ्या वस्तूवर घेतल्या जातात, आणि समुद्र यांपैकी एकही अट पाळीत नाही. पाण्याचा दाब केवळ खोलीने येत नसून वेगानेही येतो, ही गोष्ट तर आकडे वाचणाऱ्याच्या गावीही नसते. दीड मीटर उंचीच्या धक्क्यावरून निसटलेला कॅमेरा पाण्यावर आदळतो, त्या क्षणी त्याच्या अंगावर निदान दीड मीटर खोलीइतका दाब येतो. आणि ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या होडीतून हात खाली घालून कोणी कॅमेरा पाण्यात धरला, तर समोरून येणाऱ्या पाण्याचा रेटा पाच मीटर खोलीच्या स्थिर पाण्याइतका भरतो. म्हणून सात अंकाची खातरजमा करून घेतलेले यंत्र अशा होडीच्या पाण्यात टिकेलच, असे कोणी समजू नये. बुडण्याची कसोटी आणि पाण्याच्या झोताची कसोटी या स्वतंत्र आहेत, आणि एकीत उत्तीर्ण झालेली वस्तू दुसरीत उतरेलच असा नियम नाही.

बुडविता येणाऱ्या साधनांच्या खालची पायरी म्हणजे ज्यांच्या सांध्यांना रबराची अस्तरे दिलेली असतात ते मोठे कॅमेरे. पेंटॅक्स आणि ऑलिंपस या घराण्यांनी या बाबतीत फार पूर्वीपासून कसोशीने काम केले आहे, आणि ऑलिंपसचा वारसा चालविणाऱ्या कंपनीचा २०२२ सालचा ओएम-१ हा कॅमेरा तर आयपी ५३ अशी अधिकृत प्रत घेऊन आला. यातील तीनचा अर्थ वरून व तिरकस पडणाऱ्या फवाऱ्यापासून बचाव, एवढाच आहे. होडीत बसणाऱ्याला बहुतेक वेळी तेवढे पुरते. मात्र कॅमेऱ्याला अस्तर आहे पण भिंगाला नाही, अशी जोडी केली तर ती सगळी तजवीज व्यर्थ जाते, कारण पाणी नेमके त्या दोहोंच्या सांध्यातूनच आत जाते.

पाण्याहून मीठ अधिक घातक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, हवेतील दमटपणा स्वतःकडे ओढून घेतात आणि गुंड्यांच्या फटींत, स्क्रूंच्या माथ्यांवर, बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांवर संथपणे आपले काम करीत बसतात. गोड्या पाण्यात पडलेला कॅमेरा तत्काळ बंद करून, बॅटरी काढून, नीट वाळविला तर पुष्कळदा वाचतो. खाऱ्या पाण्यात पडलेला अस्तरहीन कॅमेरा वाचल्याचे मला ठाऊक नाही. यावरून निवडीचा एक महत्त्वाचा निकष निघतो, आणि तो कोणत्याही जाहिरातपत्रकात सापडत नाही : आपले पाणी गोडे की खारे? भीमेवरील उजनी, गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर, ही गोडी पाणथळे. तेथे उत्तम भिंगाचा पण साध्या संरक्षणाचा कॅमेरा नेण्यास काहीच हरकत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, जेथे होडी लाटेला नाक लावून चालते आणि प्रत्येक धक्क्यासरशी पुढील बाकावर शिंतोडे येतात, तेथे तोच कॅमेरा नेणे ही जोखीम आहे.

प्रकाशाचा विषय अधिक सूक्ष्म आहे आणि दुर्दैवाने खरेदीच्या वेळी तोच सर्वांत कमी विचारात घेतला जातो. उघड्या पाण्यावर, सकाळी दहानंतर, आकाश वरून आणि पाणी खालून असा दुहेरी उजेड देत असते, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडदा त्या उजेडात इतका निस्तेज दिसतो की चौकटीत काय आहे ते अजमासाने ठरवावे लागते. डोळ्यांवर प्रकाशाचे ध्रुवण करणारा काळा चष्मा असेल, तर कॅमेरा उभा किंवा आडवा फिरविताच हा पडदा पूर्ण काळाही पडू शकतो. म्हणून ज्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी आहे, असाच कॅमेरा पाण्यावर न्यावा, असा माझा आग्रह आहे. आणि पाण्यात बुडवता येणारे जे छोटे मजबूत कॅमेरे मिळतात, त्यांची सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे त्यांना बहुधा ही खिडकी नसते. त्यातून कॅमेऱ्याचा प्रकाशमापकही पाण्यावर दिशाभूल करतो. चकाकणाऱ्या लाटा चौकटीत आल्या, की उजेड फार आहे असे समजून तो चित्र काळवंडवितो आणि नावाड्याचा चेहरा कोळशासारखा उतरतो. उलट कांदळवनाच्या गडद सावलीपुढे पांढरा बगळा उभा असेल, तर त्याच्या पिसांतील सगळी नक्षी पांढऱ्या डागात विरून जाते. ही चूक जागच्या जागी सुधारण्यासाठी उजेडाची भरपाई करणारी चकती अंगठ्याखाली असावी, पडद्यावरील याद्यांत दडलेली नसावी. हात ओले असताना, होडी डुलत असताना, याद्या उघडीत बसण्याला सवड नसते.

भिंगावर लावावयाच्या ध्रुवक काचेची शिफारस पाण्याच्या छायाचित्रणासाठी सरसकट केली जाते, ती मला सरसकट मान्य नाही. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहिले असता पाण्यावरील झळाळी तिने जवळजवळ पूर्ण मावळते आणि तळाचे दगड, मासे, शेवाळ दिसू लागते, हे खरे. परंतु त्या झळाळीबरोबर प्रतिबिंबही मावळते, आणि उथळ पाण्यात उभ्या राहिलेल्या रोहिताच्या चित्राचा अर्धा जीव त्याच्या प्रतिबिंबात असतो. शिवाय ही काच निम्म्याहून अधिक उजेड खाते. सिंधुदुर्गाच्या तटाखालचे खडक घ्यावयाचे असतील तर ती लावावी; पक्ष्यांसाठी काढून ठेवावी.

आता हलत्या होडीकडे वळू. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा हाताचा बारीक, जलद कंप शोषून घेते. होडीचे सावकाश, मोठे हेलकावे तिच्या आवाक्याबाहेरचे असतात, आणि पक्ष्याची हालचाल थांबविणे तर तिच्या हातीच नसते. ती थांबवितो फक्त शटरचा वेग. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून मंद वेग ठेवू नये, आणि सुरय पाण्यावर झेपावत असेल तर दोन हजारावा भागही कधी कमी पडतो. इतका वेग ठेवावयाचा तर भिंग उजळ किंवा संवेदक मोठा हवा. येथे छोट्या कॅमेऱ्यांची मर्यादा उघडी पडते, कारण त्यांच्या संवेदकाचे क्षेत्रफळ पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या तिसाव्या हिश्शाइतके असते, आणि पहाटेच्या धूसर उजेडात त्यांची चित्रे खरखरीत होतात. पक्षी नेमके पहाटेच जवळ येऊ देतात.

दूरचे जवळ ओढण्याच्या शक्तीविषयीही असाच विवेक हवा. निकॉनच्या २०१८ सालच्या पी १००० या कॅमेऱ्याची पोच ३००० मिलिमीटरइतकी आहे, आणि किनाऱ्यावर तिपाई रोवून बसणाऱ्याला ती वरदान ठरते. पण त्या पोचेला चौकटीचा कर्ण जेमतेम पाऊण-एक अंशाचा उरतो, म्हणजे होडी एका अंशाने कलली तरी पक्षी चौकटीबाहेर जातो, आणि होडी तर एका अंशाहून पुष्कळच अधिक कलत असते. ४०० मिलिमीटरला हाच कर्ण सहा अंशांचा असतो. होडीतून हातावर पेलण्यास मला ३०० ते ६०० मिलिमीटर ही पोच सर्वांत व्यवहार्य वाटते. त्यापलीकडची तूट भिंगाने भरून काढण्यापेक्षा नावाड्याच्या कौशल्याने भरून काढणे श्रेयस्कर. भिगवणच्या परिसरात, कुंभारगावच्या बाजूने, जे नावाडी होड्या नेतात, त्यांना थवा कोणत्या अंतरावर माना वर करतो हे नेमके ठाऊक असते. ते इंजिन आधीच बंद करून होडी हळूहळू, सूर्य आपल्या पाठीशी येईल अशा बेताने, तिरकस सरकवितात. “साहेब, आता उभं राहू नका,” एवढे त्यांचे एक वाक्य भिंगाच्या शेकडो मिलिमीटरांच्या मोलाचे असते. खाली बसून, कॅमेरा पाण्याच्या जवळ नेऊन घेतलेले चित्र पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येते, आणि त्यासाठी पाठीवरचा पडदा बाहेर उघडून वर वळविता येत असेल तर फार सोयीचे पडते. चालू इंजिनाच्या होडीत मात्र कोपर काठावर टेकू नये. इंजिनाचा सगळा थरकाप त्या लाकडातून भिंगात उतरतो.

ठाण्याच्या खाडीची गोष्ट निराळी आहे. तेथील रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा लाभला. ऐरोलीच्या केंद्रातून निघणाऱ्या होड्यांची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटी पूर्ण लागली की पक्षी चिखलाच्या विस्तीर्ण पट्ट्यांवर पांगतात आणि होडी मधल्या खोल पाण्यातच अडकते. पूर्ण भरतीला चिखल झाकला जातो आणि पक्षी दुसरीकडे उठून जातात. मधल्या काळात, पाणी चढत असताना, जो काय तासभर मिळतो तोच कामाचा. या खाडीत लाट फारशी नसते, तुषार थोडे. पण पाणी खारे, आणि अंतर उजनीपेक्षा अधिक. येथे अस्तराचा कॅमेरा आणि ४०० ते ६०० मिलिमीटरची पोच ही जोडी सर्वांत योग्य. सोनीचा २०१७ सालचा आरएक्स १०, चौथी आवृत्ती, हा २४ पासून ६०० मिलिमीटरपर्यंत पोच असलेला, न बदलता येणाऱ्या भिंगाचा कॅमेरा या कामासाठी मला फार समतोल वाटत आला आहे. होडीत भिंग बदलण्याचा प्रसंगच येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. उघड्या संवेदकावर खारा वारा येऊ देणे हे मी कोणालाही सुचविणार नाही.

मोबाइल फोनविषयी बोलल्यावाचून आज कोणताही आढावा पुरा होऊ शकत नाही, कारण होडीतील दहांपैकी नऊ जणांच्या हाती तोच असतो. किल्ल्याचे दृश्य, सहप्रवासी, शिडाचा आकार, संध्याकाळचे आकाश, यांसाठी तो पुरेसा आहे, कित्येकदा उत्तम आहे. परंतु ओल्या बोटांना त्याची काच दाद देत नाही, दूरचा पक्षी त्यात ठिपका होऊन राहतो, आणि पाण्याने झालेले नुकसान हमीपत्रातून बहुधा वगळलेले असते. पाण्यापासून संरक्षणाची प्रत छापलेली आहे म्हणून हमीही आहे, अशी समजूत करून घेण्याला आधार नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातला तर तो सुरक्षित होतो, पण पिशवीचा पापुद्रा भिंगापुढे सुरकुतला की चित्र धुरकटते. फोन गळ्यात दोरीने अडकवावा आणि दोरीला तरंगणारे बोंडूक असावे. हाच नियम प्रत्येक छोट्या कॅमेऱ्याला लागू आहे. टिकाऊ म्हणून मिरवणारे कॅमेरेही पाण्यात बुडतात, आणि गढूळ खाडीत दोन मीटर खाली गेलेली वस्तू सापडत नाही.

खेळाडूंसाठी निघालेले गोप्रोसारखे चिमुकले कॅमेरे (त्यांपैकी २०१६ सालचा हिरो ५ पेटीवाचून दहा मीटरपर्यंत नेता येतो) कयाक वल्हविणाऱ्याला अतिशय उपयोगी, कारण त्याचे दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असतात. त्यांचे क्षेत्र मात्र फार रुंद असते. जे हातभर अंतरावर आहे तेच त्यांत नीट येते. तारकर्ली किंवा हर्णैच्या पाण्यात डॉल्फिनसाठी असा कॅमेरा नेणाऱ्याच्या पदरी क्षितिज आणि एक काळा बिंदू पडतो. डॉल्फिन सेकंदभर पाठ दाखवितो. त्यासाठी बोट दाबताक्षणी चित्र घेणारा आणि २०० ते ३०० मिलिमीटर पोचेचा कॅमेराच हवा.

ऑलिंपसने सुरू केलेल्या टफ मालिकेतील टीजी-६ (२०१९) आणि टीजी-७ (२०२३) यांच्यासारखे, पंधरा मीटरपर्यंत स्वबळावर टिकणारे कॅमेरे खरोखर कोणासाठी आहेत, हे आता सांगता येईल. जो होडीतून पाण्यात उतरणार आहे, मालवणच्या खडकांवर तोंडात नळी धरून पोहणार आहे आणि पुन्हा ओला होऊन होडीत बसणार आहे, त्याला यांच्यासारखा सोबती नाही. पाण्याखाली वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ दिसतात, तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, म्हणून तेथे जवळ जाऊन रुंद कोनानेच घ्यावे लागते, आणि या कॅमेऱ्यांचे लहान भिंग नेमके त्यासाठीच घडविलेले असते. ज्याला पाण्याबाहेरच बसावयाचे आहे, त्याने त्या पंधरा मीटरांचे पैसे उजळ भिंगावर खर्चावे.

कोणताही कॅमेरा घेतला तरी देखभालीत हयगय चालत नाही. भिंगावर खारा थेंब पडला तर रुमालाने पुसू नये. पाणी उडाल्यावर त्यात मिठाचे स्फटिक उरतात आणि रुमालाखाली ते भिंगावरील लेपाला ओरखडे पाडतात. लहानशा बाटलीतले गोडे पाणी त्यावर सोडावे आणि मग सुती कापड नुसते टेकवून टिपून घ्यावे. पण ही मुभा पाण्यात बुडणाऱ्या जातीच्या कॅमेऱ्यालाच, केवळ अस्तराच्या कॅमेऱ्याचे अंग ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसावे. बुडणारा कॅमेरा परत येताच, मीठ वाळण्यापूर्वी, गोड्या पाण्यात दहाएक मिनिटे बुडवून ठेवावा, त्यात गुंड्या दाबून पाहाव्या, आणि पूर्ण वाळल्याखेरीज बॅटरीचे दार उघडू नये. त्या दाराच्या रबरी कड्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला, तरी पंधरा मीटरांची सगळी ग्वाही निरर्थक होते. आणि हे कडे वर्षाकाठी बदलावे, ही निर्मात्यांची सूचना बहुतेक मालक वाचीतही नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, तेव्हा आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राखणारे छोटे कपाट, नाही तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढी तरतूद करावीच.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी एक परीक्षा सांगून ठेवतो. बॅटरीचे दार उघडून आतल्या पितळी पट्ट्यांवर पांढरट किंवा हिरवट खर दिसते का ते भिंगाने पाहावे, तळाच्या स्क्रूंच्या खाचा तांबूस झाल्या आहेत का ते पाहावे, आणि भिंग उजेडापुढे तिरपे धरून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते तपासावे. तिन्हींपैकी एकही खूण आढळली तर तो सौदा सोडून द्यावा. वर्षातून एकदोनदाच पाण्यावर जाणाऱ्याने तर ६०० मिलिमीटरचे भिंग विकत घेण्याच्या भरीसच पडू नये. पुण्या-मुंबईत ते दिवसाच्या भाड्याने मिळते. फक्त अनामत भरण्यापूर्वी, खाऱ्या पाण्याने नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची आणि किती रकमेची, हे कलम पावतीवर लिहून घ्यावे.